शिवलेला बेडूक

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखाली सकाळी जाऊन बघा, टोपली भरेल एवढी फुलं पडलेली असतात. तसंच आहे हे. कॉलेजात जा, नोकरी करा, चार माणसांत बसा, मूर्खपणा आपोआप पडत राहतो. आपण फक्त वाकायचं आणि उचलायचं.

आम्ही रिटायर झालेल्या सिस्टर अधूनमधून चंद्रपूरला कोणाच्या तरी घरी जमतो. चहा, चिवडा, गुडघेदुखी, सुनांच्या तक्रारी एवढं सगळं उरकलं की कोणीतरी म्हणतंच, आता तुझ्या त्या सरांचं सांग. सगळ्यांना पाठ आहे, तरी ऐकतात. आज तुम्हीही ऐका.

सरांचं खरं नाव मी सांगणार नाही. त्यांची नातवंडं कुठे कुठे शिकत असतील, त्यांना कशाला ताप. आम्ही त्यांना फॉर्मॅलिन सर म्हणायचो. फॉर्मॅलिन म्हणजे मेलेले प्राणी सडू नयेत म्हणून बरणीत ओततात ते डोळ्यांना झोंबणारं औषध. सरांचं बायलॉजी असंच होतं. मेलं होतं केव्हाच, पण सडलेलं दिसत नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी आलापल्लीहून चंद्रपूरला अकरावीला आले. बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत चौकीदार होते. मला डॉक्टर व्हायचं होतं. का व्हायचं होतं ते एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात अडली. बैलबंडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. दवाखाना होता, पाटी होती, पाटीवर डॉक्टरचं नाव होतं, आणि दाराला कुलूप होतं. बहीण तिथंच ओट्यावर गेली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की त्या कुलपाची किल्ली आपल्याकडे पाहिजे.

आणि त्या किल्लीकडे जाणारा रस्ता फॉर्मॅलिन सरांच्या लॅबमधून जात होता. बारावीच्या बायलॉजीच्या प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात होते. म्हणजे बघा, सरकारनं कोणाच्या हातात काय दिलं होतं!

* * *

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'वर्गीकरण' असं लिहिलं. आम्हाला वाटलं, आता प्राण्यांचं सांगतील. पण सर आमच्याकडे वळले आणि त्यांनी आमचंच वर्गीकरण सुरू केलं. एकेकाला उभं करायचं आणि विचारायचं, गाव कोणतं, वडील काय करतात.

त्या वर्षी सरांच्या घराचं बांधकाम चालू होतं, हे आम्हाला नंतर कळलं. एक मुलगा ब्रह्मपुरीकडचा होता, घरी धानाची शेती. त्याला दुसरा बाक मिळाला. माया नावाची मुलगी गडचांदूरची, तिचे वडील सिमेंट फॅक्टरीत स्टोअरला. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, एका पोत्यासाठी लोक साहेबांच्या दारात बसून राहायचे. मायाला थेट पहिला बाक. एकाचे वडील शाळामास्तर निघाले. त्याला सरांनी अगदी मागे, खिडकीजवळ बसवलं. तिथं हवा चांगली लागते म्हणाले.

माझी पाळी आली. मी सांगितलं, आलापल्ली, बाबा लाकूड डेपोत आहेत. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मायेनं माझ्याकडे तोवर कोणत्याच मास्तरनं पाहिलं नव्हतं.

"सागवान," सर हळूच म्हणाले.

आणि मी मायाच्या शेजारी, पहिल्या बाकावर!

* * *

सर बेडूक शिकवायचे तो फळ्यावर. चित्र फार सुंदर काढायचे, ते कबूल करावंच लागेल. लाल खडूनं हृदय, निळ्या खडूनं शिरा, पिवळ्यानं चरबी. पण खऱ्या बेडकाला ते विलक्षण भ्यायचे. बरणीतलासुद्धा हातात घेत नसत. लॅब अटेंडंट होता देवाजी, त्याला बरणी धरायला लावायचे आणि स्वतः लांबून पट्टीनं दाखवायचे.

पावसाळ्यात एकदा लॅबच्या मोरीतून भलामोठा बेडूक आत आला. हिरवागार, पाठीवर पिवळी रेघ, निवांत उड्या मारत आला आणि सरांच्या चपलेपाशी बसला. पुढचं मला नीट दिसलं नाही. एवढंच दिसलं की सर टेबलावर आहेत. एवढा जाडजूड माणूस तिथं चढला कसा, हे आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही.

पोरी ओरडल्या, पोट्टे हसले, देवाजी झाडू आणायला पळाला. पण सर ते सर. टेबलावर उभ्या उभ्याच त्यांनी आम्हाला धीर दिला.

"घाबरू नका. हा आपल्या सिलॅबसमधला नाई."

पुस्तकात बेडकाच्या धड्याच्या पहिल्याच पानावर त्याचं चित्र होतं, पिवळ्या रेघेसकट.

* * *

आता मुख्य गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे.

बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर व्हायची. त्या दिवसांत चंद्रपुरात माणसंच सावली शोधत फिरतात, बेडूक कुठला बाहेर येतो? तो जमिनीत गडप झालेला असतो. म्हणून पावसाळ्यातच बेडूक पकडून बरणीत भरून ठेवायचे. इथपर्यंत सगळ्या कॉलेजांत असंच चालत असेल. आमच्या कॉलेजची अक्कल त्याच्या पुढची.

सरांचं म्हणणं असं की पोरं बेडूक कापताना बिघडवतात. कोणी नस तोडतो, कोणी आतडं फोडतो, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर कॉलेजचं नाक जातं. म्हणून त्यांनी तोड काढली होती. देवाजीनं बेडूक आधीच कापायचा, आत सगळं साफसूफ करायचं, आणि पोटाला टाके घालून बरणीत ठेवायचा. दोरा काळा, पँट शिवायचा. देवाजीचा साळा टेलर होता.

मग विद्यार्थ्यानं काय करायचं? बेडूक ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, चारी पायांना पिना टोचायच्या, टाके उसवायचे, आणि सुईच्या टोकानं दाखवायचं की हे हृदय, हे यकृत, हा मूत्राशय. झालं डिसेक्शन! संध्याकाळी देवाजी पुन्हा शिवून बरणीत टाकायचा. आमच्या कॉलेजात बेडूक एकदाच मरायचा आणि वर्षभर शिवला जायचा.

अशी उसवाउसव झाल्यावर आतलं सामान हरवायचंच. मग देवाजी दुसऱ्या बेडकातला भाग आणून भरून द्यायचा. कोणाले समजते, म्हणायचा. खरंच कोणाला समजत नव्हतं, सरांना तर नाहीच. माया इतकी तरबेज झाली की एका ओढीत सगळा दोरा मोकळा करायची. सर तिचं उदाहरण द्यायचे, बघा, किती सफाईदार हात आहे.

मी एकदा सरांकडे गेले. म्हटलं, मला एक बेडूक माझ्या हातानं कापू द्या, मला पुढे माणसांचं हेच काम करायचं आहे. सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "कापणं काय वो, खाटीकबी कापते. विज्ञानात आत काय आहे, ते महत्त्वाचं."

मी हट्ट सोडला नाही. शेवटी म्हणाले, बरं, देवाजीकडून कात्री घे. देवाजीकडे गेले, तर कात्र्या नव्हत्या. लॅबच्या झाडून सगळ्या कात्र्या त्याच्या साळ्याच्या दुकानात होत्या. दोऱ्याच्या बदल्यात.

* * *

सरांचं घर मात्र झपाट्यानं वर येत होतं. सिमेंट पडलं, भिंती झाल्या, मजूर ब्रह्मपुरीचा तांदूळ खाऊन काम करत होते. राहिलं होतं ते फक्त पुढचं दार. सरांनी ठरवलंच होतं, चौकट लागली तर आलापल्लीच्या सागाचीच लागेल. आणि फुकटात. फुकट हा शब्द ते वापरत नसत, 'ओळखीत' म्हणायचे. तोवर दाराच्या जागी बारदान्याचा पडदा लावला होता.

बारावीत, दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला बोलावून घेतलं. डेपोत तुटकंफुटकं पडूनच असतं, वडिलांना सांगून बघ, प्रॅक्टिकल जवळ येऊन राह्यली आहे, असं सगळं एका दमात बोलले. मी घरी जाऊन सांगितलं. बाबा जेवत होते. तोंडातला घास संपवला, पाणी प्यायले.

"तुह्या सरले म्हणा," बाबा म्हणाले, "डेपोत लिलाव होते. या, बोली लावा."

मी हे तसंच्या तसं जाऊन सरांना सांगितलं. वय लहान, अक्कल कमी आणि भीती त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी माझी बदली खिडकीजवळ झाली. हवा खरंच चांगली लागत होती.

पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. भर वर्गात मला उभं करून म्हणाले, "तुम्हाले काय कराचा अभ्यास? तुमच्या सीटा सरकारनं राखूनच ठेवल्या आहेत." वर्ग हसला. आमचं बौद्धांचं घर. आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली, बाबा सरकारी चौकीदार झाले, मी बारावीला आले. हे सगळं सरांच्या हिशेबी फुकटचं. आणि मायाच्या बापाकडून आलेलं सिमेंट? ते ओळखीतलं! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. अजूनही होतो, खोटं कशाला सांगू.

माया हसली नव्हती. तास संपायच्या आत ती पहिल्या बाकावरून उठली आणि खिडकीजवळ माझ्या शेजारी येऊन बसली. सर म्हणाले, तिथून फळा दिसत नाही. ती म्हणाली, बेडूक तर तसाही दिसत नाही, सर.

* * *

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, चांगले वयस्कर, विद्वान दिसणारे. आल्या आल्या सरांनी त्यांना घरी जेवायला नेलं. गावरान कोंबडी होती म्हणे. बारदान्याचा पडदा बाजूला करून आत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर झापड होती. एप्रन घालून ते टेबलांमधून असे हिंडत होते की आता कोणत्या टेबलावर डोकं टेकवतात असं वाटावं.

मी माझा बेडूक ट्रेमध्ये घेतला, उताणा टोचला. गळ्याखाली दोन काळ्या सुरकुतलेल्या पिशव्या. म्हणजे नर, डराव डराव ओरडणारा. मग टाके उसवले. आत बघते तर काय, काळ्यापांढऱ्या अंड्यांनी पोट गच्च भरलेलं! देवाजीनं घाईत कोणाचं सामान कोणाच्या पोटात कोंबलं होतं, त्याचं त्याला माहीत.

नेमके तेव्हाच परीक्षक आले. विचारलं, नर की मादी? मी माझ्या मतानं खरं तेच सांगितलं.

"सर, वरून नर आहे. आतून मादी आहे."

परीक्षक वाकले. जेवणानंतर पहिल्यांदाच त्यांचे डोळे पूर्ण उघडले. त्यांनी गळ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि मग फॉर्मॅलिन सरांकडे पाहिलं. आता बिंग फुटतं, मला वाटलं. पण सर जराही गडबडले नाहीत.

"सर, आमच्याकडे जंगल आहे," ते म्हणाले. "इकडं काहीबी सापडते."

परीक्षकांनी गंभीरपणे मान हलवली, 'इंटरेस्टिंग' म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मी म्हटलं, सर, हा दोरा तरी बघा. त्यांनी बघितला नाही. कोंबडी फारच चांगली झाली असावी.

मला मार्क कमी मिळाले. निरीक्षण चुकीचं, असं कारण सरांनीच नंतर सांगितलं. मायाला जवळजवळ पैकीच्या पैकी. थिअरीत मी तिच्या पुढे होते, पण प्रॅक्टिकलनं असा पाय ओढला की मेडिकलचं सीट थोडक्यात गेलं. सरकारनं 'राखून ठेवलेलं' सुद्धा! मी आलापल्लीला जाऊन ढसाढसा रडले. बहिणीच्या वेळी रडले नव्हते एवढी रडले. आई म्हणाली बीएस्सी कर. बाबा गप्प बसून होते, ते मला जास्त लागलं. लिलावाचं बोललो नसतो तर, असं त्यांच्या मनात चाललं असेल. मी त्यांना म्हटलं, बाबा, दवाखान्याची किल्ली नर्सकडेबी राहते. आणि नागपूरला नर्सिंगला गेले.

* * *

माया नागपूरलाच मेडिकलला होती. आमचं हॉस्टेल तिच्या कॉलेजच्या आवारातच. तिच्यावर माझा राग नव्हता. सिमेंट तिच्या बापानं दिलं, तिनं नाही.

डिसेक्शन हॉलच्या पहिल्या दिवशी ती दुपारी आमच्या मेसमध्ये आली. तोंड पांढरंफटक. ताटाला हात लावेना. मला वाटलं, मेलेलं माणूस पाहून घाबरली असेल. म्हटलं, होते असं पहिल्या दिवशी, सवय होते मग.

"घाबरली नाई वो मी," माया म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, सुरू करा. सगळ्यांनी चाकू घेतले. अन् मी त्या बॉडीच्या पोटावर टाके शोधून राह्यली होती."

* * *

आमच्या ट्यूटर सिस्टर केरळच्या होत्या, हिंदी-मराठीची खिचडी बोलायच्या आणि चुकलं तर बोटांवर कात्री मारायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, कोण कुठून आलं. मी म्हटलं, आलापल्ली. त्यांनी फाटकी गादी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, शिव. तिथं डॉक्टर जात नाही, तुलाच शिवावं लागेल. गादी झाली, मग रेनकोट झाला, मग कॅज्युअल्टीतली माणसं. टाका घालायचा कसा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं शिकले.

आणि बाईंचं बोलणं शब्दशः खरं ठरलं. मला पोस्टिंग मिळालं आलापल्लीजवळच्याच एका सरकारी दवाखान्यात. गडचिरोली तेव्हा नवा जिल्हा झाला होता. साहेबांच्या खुर्च्या आधी आल्या. साहेब मागून आले, काही तर आलेच नाहीत.

आमच्याकडे आले ते डॉक्टर साहेब सोमवारी जॉइन झाले आणि मंगळवारी नागपूरला गेले. बायकोची तब्येत. ती नोकरीभर बिघडलेलीच होती बिचारीची. जाताना शिपायाला ताकीद देऊन गेले, खुर्चीवर स्वच्छ टॉवेल ठेवायचा, स्टेथोस्कोप टेबलावर ठेवायचा, आणि शेजारी अर्धा कप चहा. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, साहेब आत्ता इथं होते.

एकदा जिल्ह्याहून तपासणीला अधिकारी आले. साहेब कुठे आहेत? शिपाई म्हणाला, राऊंडवर. अधिकारी बसले. बराच वेळ बसले. उकाडा मरणाचा, पंखा बंद. शेवटी कंटाळून त्यांनी तो टेबलावरचा कप उचलला, आदल्या दिवशीचा अर्धा चहा पिऊन टाकला आणि शेरा मारून गेले, 'डॉक्टर कामात व्यग्र.'

* * *

मध्ये एक दुसरे डॉक्टर आले होते, अगदी कोवळे. एसटीतून उतरले, हातात नवी बॅग. चारीकडे पाहिलं आणि मला विचारलं, सिस्टर, हा रस्ता पुढे कुठे जातो? म्हटलं, हेमलकसाला. त्याच्या पुढे? म्हटलं, नदी. नदीच्या पलीकडे? म्हटलं, जंगल. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. आणि मागे काय आहे, म्हणाले.

मी म्हटलं, "मागं तुमची एसटी आहे, साहेब. ड्रायव्हर अजून चहा पिऊन राह्यला."

बॅग उघडलीसुद्धा नव्हती. परत चढवायला सोपं गेलं.

हसू नका. अशानंच माझी बहीण गेली. पण एक सांगते, दवाखान्याची किल्ली माझ्या कमरेला होती आणि मी असेपर्यंत त्या दाराला कुलूप लागलं नाही. बाळंतपणं केली, मलेरियाचे पेशंट ओढून काढले, अस्वलानं फाडलेली माणसं शिवली. बाबा रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी फिरत फिरत यायचे आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसायचे. आत कधी आले नाहीत. उघडं दार बघायचे आणि परत जायचे.

* * *

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डेपोत सागाचा लिलाव होता, गावात व्यापाऱ्यांच्या गाड्या लागल्या होत्या. दुपारी चार मजूर एका माणसाला उचलून घेऊन आले. थप्पीवरून ओंडका घसरला होता आणि टोंगळ्याखाली नडगी उभी फाटली होती. मजूर सांगत होते, मास्तर बाजूला हटतच नव्हते, हा माहा ओंडका हाय म्हणून त्याच्यावर पाय ठेवून उभे होते.

मी तोंड पाहिलं. फॉर्मॅलिन सर!

केस पिकले होते, पण ओंडक्याकडे बघायची नजर तीच असणार. चौकटीसाठी आले होते. बारदान्याचा पडदा फाटला असेल. बाबांचा निरोप त्यांनी अखेर मनावर घेतला होता, फक्त मध्ये सहा वर्षं गेली.

त्यांनी मला ओळखलं नाही. कण्हत कण्हत विचारलं, डॉक्टर कुठी आहेत? शिपाई सवयीनं म्हणाला, राऊंडवर. सरांनी मान वळवून खुर्चीवरचा टॉवेल पाहिला, अर्धा कप चहा पाहिला आणि त्यांना हायसं वाटलं. येतीलच मग, म्हणाले.

मी जखम धुवायला घेतली. ते माझ्याशी बरं बोलायला लागले, बेटा, कुठली तू, कुठे शिकली. मी सांगितलं. कॉलेजचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, खिडकीजवळचा बाक सांगितला. सरांचं कण्हणं एकदम थांबलं. तेवढ्यात मी सुई उचलली. सुईतला दोरा काळा होता.

"हा दोरा..." सर म्हणाले.

"सिल्क आहे सर. पँटचा नाही."

त्यांनी पाय मागे ओढला. डॉक्टर येऊ दे, थांबू आपण, घाई काय आहे, असं सुरू झालं. खाली रक्ताचं थारोळं झालं होतं. मी शिपायाला म्हटलं, यांना उताणं कर आणि हातपाय धर. बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि टाके घातले. चांगले घातले, हे सांगून ठेवते. मनात राग उकळत होता, तरी एकेक टाका सारख्या अंतरावर घातला. वाटलं होतं त्यापेक्षा हात शांत होता.

दुखायचं थांबल्यावर सरांच्या जिवात जीव आला. पायाकडे पाहिलं, मान डोलावली. म्हणाले, "शाब्बास! कॉलेजचं नाव काढलं तू." मग जरा थांबून विचारलं, "टाके काढाच्या वेळी तरी डॉक्टर राहतील ना?"

मी म्हटलं, "डॉक्टर कशाले पाहिजे सर? टाके उसवायची प्रॅक्टिकल तं मी तुमच्याच हाताखाली केली."

सर टाके काढायला माझ्याकडे आले नाहीत. तसाच पाय घेऊन चंद्रपूरला गेले आणि तिथल्या दवाखान्यात नव्यानंच लागलेल्या एका लेडी डॉक्टरपुढे जाऊन झोपले. तोंडाला मास्क होता, त्यामुळे ओळख पटली नाही. माया अजून सांगते, ती कात्री घेऊन वाकली, तर सरांनी दोन्ही हातांनी पाय झाकला आणि विचारलं, "मॅडम, बारावी तुम्ही कोणत्या कॉलेजातून केली?"